न आलेल्या पाहुण्याची मैफल

चळवळीच्या सभांत गाण्याला बहुधा एकच काम नेमून दिलेले असते. प्रमुख वक्ते येईपर्यंत लोक उठून जाऊ नयेत म्हणून गायचे. वक्ते व्यासपीठावर चढले की डफ-पेटी आवरून बाजूला व्हायचे. गाणे हे विचाराचे वाहन आहे, असे ठरावांतून म्हटले जाते खरे. पण संघटनेच्या हिशेबवहीत त्याची नोंद सभेच्या किरकोळ खर्चात होते. ही समजूत किती तोकडी आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या एका मेळाव्याची हकीकत नीट समजून घ्यावी. त्या मेळाव्यात गाणारे पुरुष-वृंद व्यासपीठावर हजर होते. पाहुणे गायक मात्र आले नव्हते. येऊ शकत नव्हते. आणि तरीही ते गायले.

दिवस होता ५ ऑक्टोबर १९५७. पोर्थकॉल या समुद्रकाठच्या गावातील ग्रँड पॅव्हिलियन या सभागृहात खाणकामगार संघटनेचा आइस्टेदवॉद भरला होता. आइस्टेदवॉद म्हणजे वेल्श लोकांचा काव्य-संगीताच्या स्पर्धांचा उत्सव. मध्ययुगापासून चालत आलेली ही परंपरा कामगार संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या सभासदांसाठी आपलीशी केली होती. त्या दिवशी सुमारे ५,००० माणसे जमली होती. ऱ्होंदा खोऱ्यातील ट्रिऑर्की गावचा पुरुष गायकवृंद सज्ज होता. पाहुणे गायक होते अमेरिकेतील विख्यात कृष्णवर्णीय गायक आणि नट पॉल रोबसन. ते त्या वेळी न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रण कक्षात होते. त्यांचा खर्जातला आवाज अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या टेलिफोनच्या तारेतून पोर्थकॉलच्या ध्वनिक्षेपकांपर्यंत पोचत होता. ही तार सुरू होऊन वर्षच लोटले होते. २५ सप्टेंबर १९५६ रोजी ती खुली झाली, तेव्हा तिच्यावरून एका वेळी जेमतेम ३५-३६ संभाषणे होऊ शकत. १९५७ च्याच मे महिन्यात लंडनमधील श्रोत्यांनीही रोबसन यांना याच मार्गाने ऐकले होते.

संघटनेचे अध्यक्ष विल पेंटर यांनी सागरापलीकडील पाहुण्याचे स्वागत केले. रोबसन यांनी उत्तरादाखल चार शब्द बोलून गायला सुरुवात केली. त्यांनी आपल्या समाजाची भक्तिगीते गायली, वेल्श लोकांचे आवडते अंगाईसारखे रात्रगीतही गायले. ट्रिऑर्कीच्या गायकांनी आपल्या गाण्याने त्यांना साद दिली. अखेरीस सारे सभागृह गायले आणि हजारो मैलांवर बसलेल्या त्या एका माणसाने ते ऐकले. सामान्यतः पाहुणा गातो आणि सभा ऐकते. येथे सभेनेही पाहुण्यासाठी गाणे म्हटले. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते टिकून राहिले आहे.

रोबसन येऊ का शकले नाहीत? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द केले होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः रोबसन कायद्याचे पदवीधर, विद्यापीठाच्या संघातील नामांकित फुटबॉलपटू आणि शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची भूमिका गाजवलेले नट. असा माणूस परदेशी जाऊन अमेरिकेतील वर्णद्वेषाविषयी बोलतो आणि आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करतो, हा सरकारचा खरा आक्षेप होता आणि न्यायालयापुढील आपल्या कागदपत्रांत सरकारने तो पुरेशा स्पष्टपणे नोंदवलाही. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे, अशी मागणी त्यांच्याकडे झाली. ती त्यांनी धुडकावली. १९५२ मध्ये तर कॅनडात जायला अमेरिकन नागरिकाला पारपत्र लागत नसतानाही त्यांना सीमेवर अडवण्यात आले. तेव्हा व्हँकुव्हर येथे भरलेल्या खाणकामगारांच्याच अधिवेशनासाठी ते टेलिफोनवरून गायले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सीमारेषेवर उभे राहून त्यांनी पलीकडच्या हजारो श्रोत्यांना गाणे ऐकवले. देशातही सभागृहांची दारे त्यांना बंद होत गेली. सरकारने त्यांना तुरुंगात घातले नाही. त्यांना ऐकू इच्छिणाऱ्यांपासून त्यांना तोडले.

अशा वेळी दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांनी आपले निमंत्रण मागे घेतले नाही. या संपूर्ण हकीकतीचा कणा तो आहे. त्यामुळे निमंत्रण देणारे हे लोक कोण होते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ऱ्होंदा हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुरळक वस्तीचे मेंढपाळांचे खोरे होते. वाफेवर चालणाऱ्या आगबोटींना आणि कारखान्यांना लागणारा उत्तम दगडी कोळसा तेथे सापडला आणि १९११ पर्यंत त्या चिंचोळ्या खोऱ्याची लोकसंख्या दीड लाखावर गेली. १९१३ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणींतून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंगहेनिद येथील खाणीत झालेल्या स्फोटाने ४३९ खाणकामगारांचे प्राण घेतले. उत्पादनाच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडा मांडल्यावाचून त्या समृद्धीचा ताळेबंद पुरा होत नाही.

या खोऱ्यात सरकारने दिलेले फारसे काही नव्हते आणि मालकाने दिलेले त्याहून कमी होते. जे होते ते लोकांनी वर्गणीतून उभारले होते. प्रार्थनामंदिरे त्यांनी बांधली. मजुरीतून दर आठवड्याला पेन्या कापून देऊन त्यांनी गावोगाव कामगार-भवने उभी केली. त्यांत ग्रंथालय असे, वाचनालय असे, सभागृह असे. १९२० च्या कायद्याने कोळशाच्या प्रत्येक टनामागे एक पेनी कामगार-कल्याण निधीसाठी वसूल होऊ लागली, तेव्हा या संस्थांना आणखी बळ मिळाले. ट्रेडिगर येथील कामगारांनी तर वर्गणीवर चालणारी वैद्यकीय मदत संस्था उभारली. तिच्या अनुभवाचा धागा त्या गावचे सुपुत्र अन्यूरिन बेव्हन यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेपर्यंत जातो.

गायकवृंद हे याच मातीतले पीक होय. पियानो घरी असण्याची ऐपत खाणकामगाराची नव्हती आणि पाच ओळींवरचे युरोपीय स्वरलेखन शिकण्याइतकी सवडही नव्हती. तेथे सोल-फा पद्धती कामी आली. स्वर अक्षरांनी लिहिण्याची ही सोपी रीत प्रार्थनामंदिरांतून आणि रविवारच्या शाळांतून पसरली. भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिपींनी महाराष्ट्रात जे केले, ते या पद्धतीने वेल्समध्ये अधिक व्यापक प्रमाणात केले: घराण्यात जन्मलेल्यापुरती असलेली विद्या सामान्य माणसाच्या हाती दिली. पुरुषवृंदात दोन उंच आणि दोन खालचे असे चार स्वरगट असतात. प्रत्येक गट वेगळी ओळ गातो आणि त्या ओळी एकमेकींत बसाव्या लागतात. ही गोष्ट उत्साहाने होत नाही. आठवड्यातून दोन-दोन संध्याकाळी, दिवसभराची पाळी संपवून, वर्षानुवर्षे तालीम केल्याने होते. ट्रिऑर्कीच्या गायनाची परंपरा १८८० च्या दशकापर्यंत मागे जाते. युद्धकाळात खंडित झालेला तेथील वृंद १९४६ मध्ये जॉन हेडन डेव्हिस या शाळामास्तरांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उभा राहिला. याच गावचा एक वृंद १८९५ मध्ये विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीपुढे गायला होता. राणीच्या बोलावण्याने जाणारे गाव बासष्ट वर्षांनी एका बंदिस्त माणसाला बोलावणारे गाव झाले, हा प्रवास आपोआप घडलेला नाही. मधल्या काळात संघटना उभी राहिली होती, १९२६ ची नऊ दिवसांची सार्वत्रिक हरताळ आणि तिच्यानंतरही खाणकामगारांनी महिनोन्‌महिने सोसलेली टाळेबंदी येऊन गेली होती आणि दोन युद्धांमधल्या बेकारीने खोरीच्या खोरी रिकामी केली होती.

रोबसन यांचे वेल्सशी नाते याच बेकारीच्या दिवसांत जडले. १९२९ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर ऱ्होंदाहून पायी आलेले बेकार खाणकामगार गात चालले होते. त्यांचे गाणे ऐकून रोबसन त्यांच्यात सामील झाले आणि त्यांच्या परतीच्या प्रवासाची सोय त्यांनी केली, ही हकीकत त्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढच्या घटना तर नोंदलेल्या आहेत. सप्टेंबर १९३४ मध्ये उत्तर वेल्समधील ग्रेसफर्डच्या खाणीत २६६ जण मृत्युमुखी पडले, त्या वेळी कार्नार्व्हन येथे गाण्यासाठी आलेल्या रोबसन यांनी आपले मानधन मृतांच्या कुटुंबीयांच्या निधीला दिले. ७ डिसेंबर १९३८ रोजी माउंटन ॲश येथे स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांशी लढताना पडलेल्या ३३ वेल्श स्वयंसेवकांच्या स्मरणसभेत ७,००० लोकांपुढे ते गायले. १९४० मध्ये पडद्यावर आलेल्या ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटात त्यांनी वेल्श खाणीत काम मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराची भूमिका केली. गावचा वृंद त्याला आपल्यात घेतो, कारण त्याच्या गळ्यात वृंदाला हवा असलेला खर्ज असतो.

ही कथा इतकी सुरेख आहे की तिच्यावरून वेल्श कामगार जात्याच वर्णद्वेषापासून मुक्त होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. याच दक्षिण वेल्समधील कार्डिफ बंदरात जून १९१९ मध्ये कृष्णवर्णीय आणि अरब खलाशांच्या वस्तीवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले होते आणि त्यांत माणसे मेली होती. शिवाय ज्या वृंदाचे येथे कौतुक चालले आहे त्यात स्त्रियांना जागा नव्हती, हेही विसरून चालणार नाही. तात्पर्य, बंधुभाव हा कोणत्याही वर्गाला रक्तातून मिळालेला नसतो. तो संस्था उभारून, एकमेकांच्या संकटात पैसा आणि श्रम घालून, सावकाश कमवावा लागतो. ग्रेसफर्डच्या निधीत रोबसन यांनी जे घातले होते, त्याची जाण पोर्थकॉलच्या सभागृहात तेवीस वर्षांनंतरही शाबूत होती.

येथे लोकशाही समाजवाद्याने टाळू नये असा एक अवघड प्रश्न उभा राहतो. रोबसन यांची सोव्हिएत रशियावर निष्ठा होती आणि ती निष्ठा आंधळी होती. १९४९ मध्ये मॉस्कोत ते आपले मित्र, यिडिश कवी इत्झिक फेफर यांना भेटले. फेफर त्या वेळी कैदेत होते. मॉस्कोतल्या मैफलीत रोबसन यांनी मित्राचे नाव धैर्याने घेतले, वॉर्सातील ज्यूंच्या लढ्याचे गीत गायले. पण अमेरिकेत परतल्यावर रशियातील ज्यूंच्या छळाविषयी त्यांनी तोंड उघडले नाही. १२ ऑगस्ट १९५२ रोजी फेफर यांना गोळी घालण्यात आली. त्याच वर्षीचे स्टालिन शांतता पारितोषिक रोबसन यांना जाहीर झाले आणि त्यांनी ते स्वीकारले. १९५६ मध्ये हंगेरीतील कामगार आणि विद्यार्थ्यांचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हाही त्यांनी जाहीर निषेध केला नाही. पोर्थकॉलचा मेळावा त्यानंतर वर्षभराच्या आतच भरला. अमेरिकेतील दडपशाहीचा बळी ठरलेला माणूस दुसऱ्या दडपशाहीपुढे मुका राहिला, हे सत्य त्यांच्याविषयीच्या आदराने झाकता येणार नाही.

मग पोर्थकॉलचे निमंत्रण चुकले काय? मुळीच नाही. सभागृहात बसलेले ५,००० लोक एका मताचे नव्हते. त्यांच्यात कम्युनिस्ट होते, मजूर पक्षाचे होते, केवळ गाण्यासाठी आलेले होते. निमंत्रण हे पाहुण्याच्या प्रत्येक मताला दिलेले प्रमाणपत्र नव्हते. आपण कोणाचे ऐकावे हे परराष्ट्र खाते ठरवणार नाही, एवढेच त्यात म्हटलेले होते. ज्याचे विचार पटतात त्याच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहणे सोपे. त्याला तत्त्वनिष्ठा म्हणत नाहीत, आपलेपणा म्हणतात. स्वातंत्र्याच्या तत्त्वाची कसोटी नेहमी न पटणाऱ्या माणसाच्या बाबतीत लागते.

ही कसोटी पुढे न्यायालयात लागली आणि तिचे धागे भारतापर्यंत येऊन पोचले. १६ जून १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की प्रवासाचा हक्क हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि केवळ मतांसाठी पारपत्र नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्यांना कायद्याने मिळालेला नाही. या निर्णयाच्या पाठोपाठ रोबसन यांना पारपत्र मिळाले. जुलैमध्ये ते लंडनला पोचले आणि ऑगस्टमध्ये एबू व्हेल येथील राष्ट्रीय आइस्टेदवॉदला, बेव्हन यांच्या मतदारसंघात, स्वतः हजर राहिले. त्याआधी, त्याच वर्षीच्या ९ एप्रिलला रोबसन यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला होता. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षस्थानी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला होते आणि अमेरिकन सरकारची नाराजी ओढवून घेऊनही पंतप्रधान नेहरूंनी या उपक्रमाला जाहीर पाठिंबा दिला होता.

पण भारताची गोष्ट तेथे संपत नाही. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केंट खटल्याचा आधार घेत परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, असे ठरवले आणि त्यानंतर पारपत्र कायदा झाला. त्या कायद्याखाली जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र सार्वजनिक हिताच्या नावाखाली जमा करून घेण्याचा आदेश निघाला आणि कारणे देण्याचे सरकारने नाकारले. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की स्वातंत्र्यावर बंधन घालणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. सुनावणी देण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. नागरिक स्वातंत्र्याच्या भारतीय इतिहासातील हा एक मैलाचा दगड. तथापि तो आदेश काढणारे सरकार कोणाचे होते? आणीबाणीविरुद्ध लढून निवडून आलेल्या जनता पक्षाचे. त्या मंत्रिमंडळात समाजवादी मंत्री होते. त्यांच्यापैकी काही जण काही महिन्यांपूर्वीच स्वतः तुरुंगातून सुटले होते. आणीबाणीच्या काळात सत्तेच्या कुटुंबात असलेल्या व्यक्तीविषयी सहानुभूती वाटणे कार्यकर्त्यांना कठीण गेले असेल. पण नेमक्या त्याच वेळी कारण विचारणे त्यांचे काम होते, आणि ते चळवळीऐवजी न्यायालयाला करावे लागले. पोर्थकॉलच्या खाणकामगारांपुढे शरमेने मान खाली घालावी अशी ही जागा आहे.

या साऱ्यातून गाण्याविषयी काय निघते? वेल्समधील खाणी आता इतिहासजमा झाल्या आहेत. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरला आणि खाणी एकामागून एक बंद पडल्या. ऱ्होंदा खोऱ्यातील शेवटची, मार्डीची खाण डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. ‘द प्राउड व्हॅली’च्या मूळ संहितेत कामगार खाण स्वतःच्या ताब्यात घेऊन चालवतात असा शेवट होता, महायुद्ध सुरू झाल्याने तो बदलला गेला. चित्रपटाला जे दाखवता आले नाही ते हिरवाउनजवळच्या टॉवर खाणीच्या २३९ कामगारांनी करून दाखवले. नुकसानभरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड घालून त्यांनी ती खाण विकत घेतली आणि १९९५ पासून जानेवारी २००८ पर्यंत, कोळसा संपेपर्यंत, चालवली. खाणी गेल्या तरी ट्रिऑर्कीचा वृंद गात राहिला. मात्र ज्या संघटनेच्या व्यासपीठावर तो १९५७ मध्ये उभा होता ती संघटना पहिल्यासारखी राहिली नाही. आवाज उरला; कोणाला बोलवायचे हे ठरवणारी सभा विरली. अशा अवस्थेत गाणे लोकप्रिय होऊ शकते, सुंदरही राहते, पण पारपत्र नाकारणाऱ्या सरकारला त्याची अडचण वाटण्याचे कारण उरत नाही.

पोर्थकॉलला सरकारची परवानगी लागली नाही, कारण व्यासपीठ संघटनेचे होते, गायक गावचे होते आणि पैशासाठी कोणा देणगीदाराच्या मर्जीकडे पाहावे लागत नव्हते. ज्या कार्यकर्त्यांना चळवळीचे गाणे पुन्हा उभे करायचे आहे त्यांनी आधी तालमीसाठी खोली, सभासदांची नियमित वर्गणी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारी माणसे यांची व्यवस्था पाहावी. ती झाली की पाहुण्यांची यादी करावी. आणि त्या यादीत निदान एक नाव असे असावे, की जे सत्ताधाऱ्यांना नको आहे, मग सत्तेवर स्वतःचेच मित्र का असेनात.